तामारेच्या मस्तकावरील राख

पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्याला आपले काम खोलीत बसून पुरे करता येत नाही. मसुदा तयार झाला की तो गावात नेऊन वाचून दाखवावा लागतो आणि ऐकणाऱ्यांना काय समजले ते त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावे लागते. २००९ सालच्या उन्हाळ्यात अशाच एका वाचनासाठी आम्ही मध्य भारतातील एका आदिवासी वस्तीत गेलो होतो. त्या दिवशी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय होता. दावीद राजाची कन्या तामार हिला तिचा सावत्र भाऊ अम्नोन आजाराचे सोंग करून बोलावून घेतो, तिच्या हातचे खाण्याचा हट्ट धरतो आणि घरातील सर्वांना बाहेर घालवून तिच्यावर बलात्कार करतो, ती ही कथा. वाचन संपल्यावर पुरुषमंडळी अम्नोनाला पुढे काय शिक्षा झाली याची चर्चा करू लागली. दाराशी बसलेल्या एका एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने मात्र निराळाच प्रश्न विचारला : "दादा, मग त्या मुलीचे पुढे काय झाले?"

मी पाने चाळून सांगितले की, ती आपला सख्खा भाऊ अबशालोम याच्या घरी उद्ध्वस्त मनाने राहिली. त्यापुढे तिच्याविषयी काही लिहिलेले नाही.

लोक उठून गेले तरी ती मुलगी मागे रेंगाळली. मग हळूहळू तिने सांगितले. ती पंधरा वर्षांची असताना नात्यातल्याच एका माणसाने तिच्यावर अत्याचार केला होता. आईला ते ठाऊक होते. आईने ते कोणालाही सांगितले नव्हते. बोलताना ती माझ्याकडे नव्हे, उंबऱ्याकडे पाहत होती. मी तिच्यासाठी प्रार्थना केली आणि म्हणालो, "झाले ते झाले. तो आपल्याच घरातला माणूस. फार मनाला लावून घेऊ नकोस. त्याला क्षमा कर, देवावर सोपव आणि हे आता कोणापाशी बोलू नकोस; नाव तुझेच खराब होईल." आपण मोठ्या कळवळ्याने बोललो, असे मला त्या वेळी वाटले.

रात्री कंदिलाच्या उजेडात मी त्याच अध्यायाच्या विसाव्या वचनाची दुरुस्ती करायला बसलो. त्या वचनात अबशालोम आपल्या बहिणीला गप्प राहण्यास सांगतो, अम्नोन हा भाऊच आहे याची तिला आठवण देतो आणि झाल्या गोष्टीचा मनाला त्रास करून घेऊ नये असा सल्ला देतो. दुपारी मी त्या मुलीशी जे बोललो होतो, ते माझ्याच हस्ताक्षरात माझ्यासमोर होते. तिने मला 'दादा' म्हटले होते आणि मी तिला अबशालोमाचे उत्तर दिले होते.

अत्याचार सोसलेल्या मुलीला आपण जे सांत्वन देतो, ते खरोखर सांत्वन असते, की तिच्यावर होणारा दुसरा अन्याय असतो? हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या मनातून गेलेला नाही. तो केवळ माझा नाही; आपल्या मंडळ्यांचा, घरांचा आणि शाळा-वसतिगृहांचाही आहे. म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

लाज कोणाची?

आपल्या भाषेत या गुन्ह्याला जे शब्द आहेत ते एकदा नीट ऐकावेत. अब्रू गेली, इज्जत लुटली गेली, शील भ्रष्ट झाले, तोंड काळे झाले. या प्रत्येक प्रयोगात जे हरवले ते मुलीचे आहे. ज्याने ते कृत्य केले त्याचा वाक्यात पत्ताच नसतो. अब्रू म्हणजे काचेचे भांडे, असे आपण म्हणतो. म्हणजे मुलगी हे एक भांडे, आणि ते एकदा तडकले की सांधता येत नाही! भाषेनेच हा निकाल आधी लावून ठेवल्यावर त्या मुलीने उभे तरी कसे राहावे?

मूळ इब्री कथेत तामारेवरील अत्याचारासाठी जे क्रियापद येते ते 'इन्नाह' होय. बळाच्या जोरावर एखाद्याला चिरडणे, हीन करणे, छळणे असा त्याचा अर्थ. उत्पत्तीच्या पुस्तकात दीनेविषयी तेच क्रियापद आहे. साराय हागारेला छळते तिथेही तेच आहे. आणि निर्गमाच्या पहिल्या अध्यायात मिसरी लोक इस्राएलांना वेठीस धरून पिळून काढतात, तिथेही हेच क्रियापद वापरले आहे. मिसरातील त्या छळाबद्दल इस्राएलांची अब्रू गेली, असे आपण कधी म्हणतो काय? तिथे पाप फारोचे आहे याविषयी कोणाला शंका येत नाही. मग तामारेच्या बाबतीत ती का यावी?

साम्य इथेच संपत नाही. अम्नोनाने हाकलून दिल्यावर तामार डोक्यावर राख घालते, अंगावरचा राजकन्येचा पायघोळ झगा फाडते, मस्तकावर हात ठेवते आणि मोठ्याने आक्रोश करीत जाते. या आक्रोशासाठी वापरलेले क्रियापद निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायातही आहे. दास्यात कण्हणाऱ्या इस्राएलांनी आकांत केला आणि तो देवापर्यंत पोहोचला, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे तामार गप्प राहिली नव्हती. ती भर रस्त्याने ओरडत गेली होती. तिला गप्प केले ते तिच्या घरच्यांनी.

आणखी एक बारकावा सांगतो. अत्याचारानंतर अम्नोन आपल्या चाकराला तिला बाहेर घालवण्यास सांगतो, तेव्हा मूळ भाषेत तो तिचे नावही घेत नाही आणि तिला 'स्त्री'ही म्हणत नाही. तो केवळ 'ही' एवढेच म्हणतो, जशी एखादी वस्तू दाराबाहेर टाकावी. पुष्कळ भाषांतरकार वाक्य सुबक व्हावे म्हणून तिथे 'स्त्री' हा शब्द घालतात. त्यांचा हेतू चांगला असतो. परंतु त्या सुबकपणात अम्नोनाचे क्रौर्य झाकले जाते. याच अध्यायाच्या आरंभी अम्नोनाच्या भावनेला 'प्रेम' म्हटले आहे आणि कृत्य होताच त्या प्रेमाचा द्वेष झाला असेही सांगितले आहे. 'एकतर्फी प्रेमातून' घडलेल्या अत्याचाराच्या बातम्या वाचताना आपणही हा अध्याय आठवावा. ज्याचा नकार ऐकताच द्वेष होतो, ते प्रेम नसते.

तिने आरडाओरडा का केला नाही?

अत्याचाराची वाच्यता झाली की पहिला प्रश्न मुलीलाच विचारला जातो : तू ओरडली का नाहीस? या प्रश्नाला शास्त्राचा आधार आहे असे काहींना वाटते. अनुवादाच्या बावीसाव्या अध्यायात नगरात घडलेली घटना आणि रानात घडलेली घटना यांत भेद केला आहे. नगरात मुलगी ओरडली असती तर कोणी ऐकले असते, असा त्यामागचा तर्क. परंतु त्याच अध्यायात रानातील मुलीविषयी जे म्हटले आहे ते आपण विसरतो. तिचा काहीही अपराध नाही, असे नियमशास्त्र स्पष्ट सांगते आणि तिच्यावरील अत्याचाराची तुलना एखाद्याने शेजाऱ्यावर उठून त्याचा जीव घ्यावा याच्याशी करते. खून झालेल्याला कोणी 'तुझी चूक काय होती?' असे विचारीत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या समाजात हा फार मोठा विचार होता.

ओरडण्याच्या निकषाने किती अनर्थ होतो, हे आपल्याच भूमीत घडून गेले आहे. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या आणि तिने आरडाओरड केल्याचे दिसत नव्हते, यावरून तिची संमती गृहीत धरण्यात आली. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले की, शरण जाणे आणि संमती देणे यांत काही फरक आहे की नाही? त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असे ठरले.

आज मानसशास्त्राने या गोष्टीचा उलगडा केला आहे. भयाच्या परमावधीत माणूस नेहमीच लढत किंवा पळत नाही. पुष्कळदा त्याचे शरीर थिजते, आवाज फुटत नाही. ते मनाने घेतलेले निर्णय नसतात. पुढेही आठवणी तुकड्यातुकड्यांनी येतात, क्रम चुकतो, तपशील सुटतात. ऐकणाऱ्याला वाटते की मुलगी खोटे बोलते आहे. वस्तुतः जखमी मनाची आठवण अशीच असते. म्हणून मुलीने सांगितले की प्रथम तिच्यावर विश्वास ठेवावा. तपास करणे पोलिसांचे काम आहे, निवाडा करणे न्यायालयाचे. ऐकणे हे आपले काम आहे.

त्याच अनुवादाच्या अध्यायात, अत्याचार करणाऱ्याने मुलीच्या पित्याला द्रव्य देऊन तिच्याशी लग्न करावे, असाही नियम येतो. तो वाचताना मला संकोच होतो आणि तो लपवावा असे मला वाटत नाही. टाकलेल्या स्त्रीला जिथे निर्वाहाचे साधनच नव्हते, त्या समाजात त्या पुरुषावर तिच्या पोषणाचा भार टाकण्याचा तो प्रयत्न असावा. परंतु मुलीला काय हवे, हे तिथे कोणी विचारलेले नाही. आजही गावोगावी पंच बसतात आणि 'लग्न लावून मिटवून टाका' म्हणतात. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराच्या प्रकरणात तडजोडीचा विचारसुद्धा होऊ शकत नाही, असे स्पष्ट बजावले. ज्या हातांनी चिरडले त्याच हातांत तिला सोपवणे, याला ख्रिस्ती मंडळीने कधीही समेट म्हणू नये.

क्षमेचा उपदेश कोणी, कोणाला, केव्हा करावा?

आता मी सर्वांत कठीण प्रश्नाकडे येतो. क्षमा ही ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी आहे. तर मग त्या मुलीला क्षमा करण्यास सांगणे चूक कसे?

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आपण सगळे जाणतो. सत्तर वेळा सात क्षमा करण्याची आज्ञा तिथेच आहे. परंतु तो अध्याय तिथे सुरू होत नाही. प्रभू प्रथम एका बालकाला मध्ये उभे करतो आणि म्हणतो की, या लहानांपैकी एकाला जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे हेच त्याच्या हिताचे ठरेल. त्यानंतर चुकलेल्या मेंढराचा शोध येतो. त्यानंतर अपराध करणाऱ्या भावाला त्याचा दोष तोंडावर सांगणे, साक्षीदार नेणे, मंडळीला कळवणे हे सारे येते. आणि मग क्षमेची आज्ञा येते. आपण मात्र अध्याय उलटा वाचतो. क्षमेची आज्ञा मुलीला ऐकवतो आणि जात्याची तळी कोणालाच ऐकवीत नाही. दोष दाखवण्याची पायरी गाळून क्षमेच्या पायरीवर उडी घेतली की जी उरते ती क्षमा नसते, ते प्रकरण मिटवणे असते.

दावीद राजाचे उदाहरण समोरच आहे. हे सर्व ऐकून तो फार संतापला, एवढेच शास्त्र सांगते. त्या संतापातून त्याने केले काहीच नाही. त्याने मुलीला भेटायला बोलावले नाही, मुलाला जाब विचारला नाही. त्याच्या या मौनाची परिणती काय झाली? अबशालोमाने दोन वर्षे सूड मनात जपला, अम्नोनाला ठार मारले आणि पुढे सारे राज्य बंडात होरपळले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. दावीदाच्या घरात त्या झाकल्या मुठीत निखारा होता.

म्हणून माझे म्हणणे असे की, क्षमेचा उपदेश पीडित मुलीला करण्याचा अधिकार इतर कोणालाही नाही; तो पाळकाला नाही, आईबापांनाही नाही. क्षमा हे दान आहे. मागून घेतलेले किंवा धाकाने काढून घेतलेले दान दान राहत नाही. एखाद्या दिवशी, कदाचित अनेक वर्षांनी, देवाच्या कृपेने ते तिच्या मनात उगवेल. न उगवले तर तिचा न्याय आपण करू नये. आणि तिने क्षमा केली तरी गुन्हेगाराला कायद्यापासून मोकळीक मिळत नाही, तो पुन्हा मुलांच्या सहवासात ठेवण्यायोग्यही ठरत नाही. क्षमा आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मौन आणि मर्यादा

मग हे सर्व चव्हाट्यावर मांडावे काय? मुळीच नाही. लादलेले मौन आणि राखलेली मर्यादा यांत महदंतर आहे. याईराच्या घरी प्रभू गेला तेव्हा तिथे रडणाऱ्यांची गर्दी होती. त्याने त्या सर्वांना बाहेर काढले. आईबाप आणि तीन शिष्य एवढ्यांनाच आत घेतले. त्या बारा वर्षांच्या मुलीचा हात धरून तिला उठवले, ही गोष्ट बाहेर पसरवू नका असे बजावले आणि तिला काही खायला द्या असे सांगितले. गर्दी बाहेर, मोजकी विश्वासू माणसे आत आणि रोजचे साधे जेवण. जखमी मुलाला आधार कसा द्यावा याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. त्याच वाटेवर, घाई असतानाही, प्रभू एका रक्तस्रावी स्त्रीसाठी थांबला होता. तिने आपले सारे सत्य सांगितले. तोपर्यंत त्याने ऐकून घेतले आणि तिला 'मुली' म्हणून हाक मारली. याईराच्या घरी त्याने मर्यादा राखली, वाटेवर त्याने बोलू दिले; दोन्ही ठिकाणी त्याने पाहिले ते समोरच्या दुःखी जिवाचे हित.

आपला कायदाही आज बऱ्याच अंशी याच वाटेने जातो. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला असलेल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, विश्वासातील माणूस जवळ असताना करावयाची असते. न्यायालयात वकिलांनी थेट मुलाला प्रश्न विचारायचे नसतात. ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात, आणि साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नसतो. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. बलात्कारपीडितेला विनामूल्य उपचार देणे सरकारी व खासगी अशा सर्व रुग्णालयांवर बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

याच कायद्याने आपल्यावर एक कर्तव्यही टाकले आहे. अशा अपराधाची माहिती ज्याला असेल त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध संस्थाप्रमुखाने दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून एखादे लेकरू आपल्यापाशी मन मोकळे करू लागले, तर 'मी कोणालाही सांगणार नाही' असे वचन पाळकाने किंवा शिक्षकाने देऊ नये. ते खोटे वचन ठरेल. 'तुझ्या पाठीमागे काहीही करणार नाही. कोणाला सांगावे लागेल ते आधी तुला सांगेन, आणि तिथे तुझ्यासोबत येईन,' हे वचन मात्र देता येते आणि ते पाळावे.

संस्थेचे नाव खराब होईल, ख्रिस्ती समाजाची बदनामी होईल, अशी भीती अशा वेळी पुढे केली जाते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून २००७ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते, आणि छळ करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. आपली उपासनालये आणि वसतिगृहे या आकड्यांच्या बाहेर आहेत असे समजणे भाबडेपणाचे आहे. मुलग्यांचे दुःख तर आपण शब्दांतही येऊ देत नाही. योसेफ दास म्हणून पोटीफराच्या घरी होता, त्याच्या मालकिणीने त्याच्यावर जबरदस्तीचा प्रयत्न केला आणि उलट तुरुंगात गेला तोच. ही कथा आपण त्याच्या शुद्धतेची म्हणून सांगतो; ती एका असहाय तरुणाच्या छळाचीही आहे.

राखेच्या जागी

अबशालोमाच्या घरी तामार कशी राहिली हे सांगणारा मूळ शब्द 'शोमेमा' असा आहे. उदास, एकाकी, असे त्याचे भाषांतर होते. परंतु हा शब्द मुख्यतः ओसाड पडलेल्या भूमीसाठी आणि उद्ध्वस्त नगरांसाठी वापरतात. तामार जणू शत्रूने लुटून ओसाड केलेले नगर झाली होती.

पुष्कळ वर्षांनी यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायावर काम करताना तोच शब्द मला पुन्हा भेटला. हाच तो अध्याय, जो प्रभूने नासरेथच्या सभास्थानात वाचला आणि आज पूर्ण झाला असे सांगितले. संदेष्टा बाबेलच्या बंदिवासातून पोळलेल्या सियोनेच्या लोकांशी बोलत आहे, तामारेविषयी नव्हे, हे मी जाणतो. तरीही शब्दांची ही भेट विलक्षण आहे. तामारेने डोक्यावर राख घातली होती. तिथे राखेऐवजी शिरोभूषण मिळते. तामारेने आपला झगा फाडला होता. तिथे खिन्न मनाला स्तुतीचे वस्त्र मिळते. तामार ओसाड होऊन राहिली होती. तिथे पूर्वीची ओसाड स्थळे पुन्हा उभारली जातात, आणि 'ओसाड' यासाठी तोच शब्द, केवळ अनेकवचनी.

पण ती उभारतो कोण? मी हे वाक्य कित्येक वर्षे चुकीचे समजत होतो. मला वाटे, आपण सेवक जाऊन ती ओसाड स्थळे बांधतो. मुळात मात्र बांधणारे तेच आहेत, ज्यांच्या भग्न हृदयांना आधी पट्टी बांधली गेली, ज्यांच्या शोकाचे सांत्वन झाले. जखमी झालेलेच पुढे गवंडी होतात. आपण फार तर पाणी आणावे, विटा हाती द्याव्यात. घर कसे बांधायचे ते त्यांनी ठरवायचे.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ साली लिहिलेल्या ग्रंथात आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत : प्रथम सुरक्षितता, मग घडलेल्याची आठवण आणि शोक, मग जीवनाशी पुन्हा नाते जोडणे. आणि या सर्वांत सूत्रे पीडित व्यक्तीच्याच हाती हवीत, यावर त्यांचा भर आहे. कारण अत्याचारात तिच्याकडून जे प्रथम हिरावले जाते, ते म्हणजे स्वतःविषयी ठरवण्याचा अधिकार. तो परत न देता केलेले कोणतेही भले अपुरे असते. पट्टी, सांत्वन, बांधकाम हा यशयाचा क्रमही हाच आहे. बार्तीमयासारख्या आंधळ्याला काय हवे हे उघड होते. तरीही प्रभूने त्याला, मी तुझ्यासाठी काय करावे, असे विचारले.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत हे कोणी ओळखले असेल तर ते पंडिता रमाबाईंनी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली केडगावला आणल्या. दुष्काळी छावण्यांत असहाय मुलींना काय भोगावे लागते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि निर्भीडपणे लिहिलेही होते. ज्यांना समाज पतित म्हणून दारात उभे करीत नव्हता, अशा स्त्रियांसाठी मुक्तिसदनात 'कृपासदन' हा विभाग होता. परंतु रमाबाई केवळ आसरा देऊन थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, स्वयंपाक, शुश्रूषा, शिकवणे, छापखान्यातील खिळे जुळवणे, अशी कामे तिथे मुली शिकत. रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांतून मराठीत आणलेले आणि १९२२ साली आपल्या निधनापूर्वी पुरे केलेले पवित्र शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या मुलींच्या हातांनी जुळवले गेले. जगाने ज्यांना ओसाड ठरवले होते, त्यांच्या वस्तीत यशयाची पाने छापली गेली. माझ्या व्यवसायात मला याहून मोठा सन्मान दिसत नाही.

आपल्या मंडळ्यांना काय करता येईल? प्रत्येक मंडळीत दोन-तीन प्रौढ, समंजस स्त्रिया आणि पुरुष असे हवेत, ज्यांच्याकडे लेकरू निर्भयपणे जाऊ शकेल, आणि त्यांनी जवळचे समुपदेशक, डॉक्टर, वकील व पोलीस अधिकारी यांची माहिती आधीच करून ठेवावी. संडे स्कूल आणि वसतिगृह यांत काम करणाऱ्यांची नीट चौकशी केल्यावाचून नेमणूक होऊ नये. मुलीची शाळा सुटू देऊ नये. परीक्षा, शिवणक्लास, गायनवृंद, मैत्रिणी हे सारे तिच्यापाशी राहू द्यावे. तिच्याकडे सतत दयेने पाहू नये. 'साक्ष दे' म्हणून तिला व्यासपीठावर उभे करू नये. तिचे दुःख आपल्या उपासनेची सजावट नव्हे. आणि व्यासपीठावरून वर्षातून एकदा तरी शमुवेलाचा हा अध्याय वाचला जावा. ऐकणाऱ्यांत कोणीतरी एक असा असेल, ज्याला पहिल्यांदाच कळेल की आपली कथा शास्त्रात आहे आणि तीत दोष आपला नाही.

दुसऱ्या खेपेस मी त्या वस्तीत गेलो तेव्हा पत्नीला बरोबर घेऊन गेलो. ती मुलगी भेटली. मी तिला म्हणालो, "त्या दिवशी मी तुला जे सांगितले ते चूक होते. तुझा काही दोष नव्हता. तुला गप्प राहायला सांगण्याचा मला अधिकार नव्हता." ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने तिने पाण्याचा तांब्या आमच्यापुढे आणून ठेवला आणि माझ्या पत्नीला घरामागे बोलावून नेले. दोघी पुष्कळ वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही.

तामारेचे पुढे काय झाले, या तिच्या प्रश्नाचे उत्तर शमुवेलाच्या पुस्तकात नाही. चौदाव्या अध्यायात एवढेच येते की अबशालोमाला एक सुंदर मुलगी झाली आणि तिचे नाव तामार ठेवले गेले. म्हणजे ते नाव त्या घरात लाजेचे झाले नव्हते. बाकीचे उत्तर आपण काय करतो यावर अवलंबून आहे. आज आपल्या मंडळीत दाराशी बसलेली एखादी तामार हाच प्रश्न मनात घेऊन आपल्या तोंडाकडे पाहत असेल. तिला अबशालोमाचे उत्तर न देण्याची बुद्धी आणि तिचे ऐकून घेण्याचे धैर्य प्रभू आपणां सर्वांना देवो.